समोरच्या टोळीचं काय?

एरिश केस्टनर यांचं 'दास फ्लीगेंडे क्लासेनत्सिमर', म्हणजे 'उडता वर्ग', तुमच्यापैकी काहींनी शाळेत वाचलं असेल. ते १९३३ साली आलं. दुसरं पुस्तक हंगेरीतलं: फेरेन्त्स मोल्नार यांचं 'पाल रस्त्यावरची मुलं', १९०७ सालचं. त्याचं जर्मन भाषांतरही मिळतं. दोन्ही पुस्तकांत पोरांच्या दोन टोळ्या हाडवैऱ्यासारख्या भांडतात. केस्टनर वाचायला सोपे आणि जास्त गमतीदार. पण माझं मत विचाराल, तर शत्रूला न्याय दिलाय तो मोल्नार यांनी.

आधी केस्टनर पाहू. गिम्नाझियम आणि रेआलशूल या दोन शाळांच्या मुलांचं जुनं वैर आहे. रेआलशूलची मुलं क्रॉइत्सकामला पकडतात, तळघरात बांधून ठेवतात, वह्या जाळतात. मग ठरतं, की दोघांनीच लढायचं. जो जिंकेल त्याचं म्हणणं खरं. गिम्नाझियमचा माटियास जिंकतो. तरी समोरची पोरं कैद्याला सोडत नाहीत! त्यांचा म्होरक्या एगरलांट तेवढा सरळ. आपल्या पोरांनी शब्द मोडला याची त्याला लाज वाटते. पण बाकीच्यांचं काय? त्यांच्या घरी कोण आहे, ती इतकी का चिडली आहेत, हे आपल्याला फारसं कळतच नाही.

आता मोल्नार. बुडापेस्टमधल्या एका मोकळ्या जागेत लाकडांच्या राशी आहेत. तेच पोरांचे किल्ले. त्यांचा सेनापती बोका (नावाला हसू नका!), आणि सगळ्यांत लहान शिपाई नेमेचेक. लाल सदरेवाल्या टोळीला ही जागा हवी आहे. का? तर त्यांना चेंडू खेळायला जागाच नाही. म्हणजे त्यांचंही खरंच अडलेलं आहे. लढाईचे नियम ते आधी ठरवतात. नेमेचेकला ते थंड पाण्यात बुडवतात खरे, पण तो आजारी पडल्यावर त्यांचा म्होरक्या फेरी आच त्याच्या घरापाशी चौकशीला येतो. नेमेचेक वाचत नाही. आणि ज्या जागेसाठी एवढं झालं, तिथे शेवटी इमारत उभी राहणार असते. जिंकलं कोण? कोणीच नाही.

तुम्ही म्हणाल, 'केस्टनरच्या पुस्तकात मोठी माणसं किती चांगली आहेत!' खरंय. मार्टिनकडे नाताळला घरी जायला पैसे नसतात, तेव्हा त्याचे सर पुढे येतात. मोल्नारच्या मुलांना वाचवायला असं कोणी येत नाही. धीर हवा असेल तेव्हा केस्टनरच वाचा.

पण जर्मनीत राहणाऱ्या आपल्याला दुसरा प्रश्नही विचारायला हवा. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात. कालपर्यंत शेजारी बसणारा मित्र उद्या 'त्यांच्या' शाळेतला होतो. मग 'ते तसलेच' असं म्हणायला वेळ लागत नाही.

म्हणून एक करून पाहा. माटियासशी लढत हरलेल्या मुलाचं नाव वावेर्का. तीच गोष्ट त्याच्या तोंडून, दहा वाक्यांत लिहा. तो खोटं बोलतोय असं मात्र धरून चालू नका.