मातेचे स्मरण आणि भगिनीचा वाटा

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबापुढे एक प्रश्न लवकरच उभा राहतो. घरातील आई वारते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले श्राद्ध आता घालावयाचे नाही, पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहावयाची नाही, कारण दि. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान यांचा स्पष्ट त्याग आहे. मग आईची आठवण ठेवावयाची कशी? बौद्धाचार्य येतात, त्रिसरण-पंचशील होते, पुण्यानुमोदन होते, तसबिरीस हार घातला जातो. हे सर्व उचितच आहे. परंतु एवढ्याने स्मरण पुरे होते काय? मातोश्री रमाबाईंच्या स्मृतिदिनाच्या निमित्ताने हाच प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दापोलीजवळचे वणंद हे रमाबाईंचे गाव. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहून पोट भरीत. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपले आणि ही पोरकी मुलगी भावंडांसह नातलगांच्या आधाराने मुंबईस आली. भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर, रात्री तिचे लग्न लागले. पुढे पती 1913 साली अमेरिकेस गेले, तेथून लंडनला गेले, 1920 साली पुन्हा लंडनला गेले. त्या काळात घरची चूल पेटती ठेवण्याचा भार रमाबाईंनी उचलला. पाच अपत्यांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली; एकटे यशवंतराव वाचले. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत जे सोसले गेले, त्याचा जमाखर्च कोणत्याही वहीत लिहिलेला नाही. पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी या माउलीच्या स्मृतीस अर्पण केला, एवढी एकच पोच त्या ऋणाची इतिहासात उरली आहे.

रमाबाईंना पंढरपूरला जावयाची इच्छा होती. जेथे अस्पृश्य भक्ताला देवापासून दूर उभे राहावे लागते तेथे जाऊन काय मिळवावयाचे, असे सांगून बाबासाहेबांनी ती इच्छा मोडून काढली. दि. 27 मे 1935 रोजी राजगृहात त्यांचे निधन झाले. येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली ती त्यानंतर साडेचार महिन्यांनी, 13 ऑक्टोबरला. म्हणजे जिला आपण रमाई म्हणतो तिला धम्मदीक्षेचा दिवस दिसलाच नाही. आपल्याही अनेकांच्या आया-आज्या अशाच जुन्या श्रद्धेत डोळे मिटून गेल्या. त्यांच्या श्रद्धेला हसणे हा धम्म नव्हे. त्यांनी उपाशी राहून आपल्याला शिकविले, म्हणून तर आपल्याला प्रतिज्ञांचा अर्थ कळला.

आईबरोबर बहिणीचेही ऋण आहे. बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविलेली एक हकीकत प्रत्येक बौद्ध घरात सांगितली गेली पाहिजे. बाल भीमाला नवे पुस्तक हवे झाले आणि सुभेदार रामजींच्या हाती पैसा नसला, की ते आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात. पैसे नसतील तर मुलगी अंगावरचा दागिना काढून देई. तो गहाण पडे, पुस्तक येई आणि पेन्शन हाती आले की दागिना सोडवून परत दिला जाई. ज्या विद्वत्तेने पुढे राज्यघटना घडविली तिच्या पायाशी बहिणींचे असे दागिने आहेत. आणि रामजींनी तो दागिना परत केला, हेही विसरून चालणार नाही.

आम्ही काय करतो? बहिणीचे जे घेतो ते परत करतो काय?

बाप वारल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात. थोड्याच दिवसांत भाऊ बहिणीच्या सासरी जातो, चहा होतो, जुन्या आठवणी निघतात आणि मग हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. त्यावर ‘स्वखुशीने’ असा शब्द छापलेला असतो. त्या खुशीत माहेर तुटण्याचे भय किती असते, हे कोणी विचारीत नाही. रमाईच्या तसबिरीस हार घालणारा हात आणि बहिणीच्या अंगठ्याखाली तो कागद सरकविणारा हात एकच असेल, तर त्या हाराची किंमत काय?

ज्या हिंदू कोड बिलात मुलीला वाटा देण्याची तरतूद होती, त्याची गळचेपी झाली म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1956 चा वारसा कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे. त्यात आई, विधवा पत्नी, मुलगे व मुली हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस आहेत. दि. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या दिवशी बाप हयात नसला तरी हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितले. लग्न झाल्याने अथवा धम्मदीक्षा घेतल्याने मुलीचा वाटा बुडत नाही.

कोणी म्हणेल, आमची जमीन ती केवढी! पूर्वीच्या वतनाचे काही गुंठे, नाहीतर चाळीतील एक खोली. तिचे तुकडे काय करावयाचे? अडचण खरी आहे. परंतु अडचण समान असेल तर सोसणेही समान असावे. वाटणी शक्य नसेल तर मोबदला द्यावा. तोही आज शक्य नसेल तर बहिणीचे नाव उताऱ्यावर राहू द्यावे. तिने आपण होऊन हक्क सोडला तर तो तिचा अधिकार होय. पण आधी तिला तिचा हक्क समजावून सांगणे हे भावाचे कर्तव्य आहे. हक्क ठाऊक नसलेल्या माणसाने केलेला त्याग हा त्याग नव्हे, ती नागवणूक होय.

म्हणून आमची विनंती आहे: येत्या 27 मे रोजी प्रत्येक घराने रमाईला वंदन करावे आणि त्याच दिवशी घरातील कागदांची पेटी उघडावी. उताऱ्यावर आईचे नाव आहे काय? बहिणीचे आहे काय? नसल्यास ते लावण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. मृत मातेच्या नावाने पिंड देण्याचे आपण सोडले. जिवंत भगिनीला तिचे देणे द्यावयास आता तरी शिकू या.