शिक्षा उपकर घेता, तर शाळांची जबाबदारीही घ्या




ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, सराफा बाजारात ज्यांची घरं-दुकानं आहेत ते नगर निगमला मालमत्ता कर भरतात आणि त्याबरोबर ‘शिक्षा उपकर’ही (म्हणजे शिक्षणासाठीचा कर) भरतात. तरीही सरकारी शाळेचं छत गळू लागलं किंवा नळ कोरडा पडला, तर निगममध्ये जाऊन विचारावं असं कुणाच्या मनात येत नाही. सगळे जिल्हा शिक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे बोट दाखवतात. पार्षदही (म्हणजे नगरसेवकही) तेच करतो. हे थांबलं पाहिजे.

शाळा ही गावाची आणि शहराची जबाबदारी आहे, हा विचार आपल्याकडे जुना आहे. १९११ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं जे विधेयक मांडलं, त्यात पुढाकार नगरपालिका आणि लोकल बोर्डांनी घ्यावा, गरज पडल्यास शिक्षणासाठी कर बसवावा आणि सरकारनेही खर्चाचा वाटा उचलावा, अशी योजना होती. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. पण १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीचं शिक्षण लागू करण्याचा अधिकार मिळाला. आज मुंबई-पुण्याच्या वाचकाला महापालिकेची शाळा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. आम्हाला ते सांगावं लागतं.

मध्य प्रदेशाने शाळेचं काम स्थानिक संस्थांकडे देण्याचा आणि नंतर राज्याकडे परत घेण्याचा, असे दोन्ही प्रयोग केले. १९९७ च्या शिक्षा गारंटी योजनेत एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीतल्या चाळीस मुलांच्या (आदिवासी भागात पंचवीस) पालकांनी मागणी केली, की नव्वद दिवसांत शिक्षकाची सोय करण्याची हमी सरकार देत असे आणि मागणी पंचायतीमार्फत जात असे. त्याच काळात ‘शिक्षाकर्मी’ आणि पुढे ‘अध्यापक’ या नावाने शिक्षक पंचायती व नगर निकायांमार्फत (शहरी स्थानिक संस्थांमार्फत) नेमले गेले. २०१८ मध्ये त्यांना राज्याच्या शालेय शिक्षण सेवेत घेतलं. त्या शिक्षकांनी समान वेतनासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली होती. त्यांची मागणी रास्त होती आणि निर्णयही योग्यच झाला. पण शिक्षक राज्याकडे गेले, म्हणून शाळाच आपली राहिली नाही असं निगमने मानणं चूक आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं नववं कलम स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं सांगतं: आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं, प्रवेश आणि हजेरीवर लक्ष ठेवणं, इमारत व साहित्य पुरवणं, स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत दाखल करणं. कायद्याच्या व्याख्येत महानगरपालिकाही स्थानिक प्राधिकरणच आहे. सराफ्यात दागिन्यांचं बारीक काम करणाऱ्या कारागिरांत बंगालहून आलेले लोक आहेत. भाड्याची खोली बदलली की त्यांचा पत्ता बदलतो. त्यांची मुलं कोणत्या शाळेत जातात, जातात की नाही, हे भोपाळला बसून कळणार नाही. वार्डाला कळू शकतं.

निगमला शाळा सोपवल्या तर राजकारण शिरेल, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच नेमणुका, बदल्या आणि अभ्यासक्रम राज्याकडेच राहू द्यावेत. पण मुलांची नोंद, पाणी, स्वच्छतागृह, छत आणि शाळेपर्यंतचा सुरक्षित रस्ता ही कामं निगमचीच आहेत. पैशाची अडचण सांगितली जाईल. म्हणून माझी पहिली मागणी: शिक्षा उपकराचा हिशेब वार्डनिहाय जाहीर करा. किती जमा झाला आणि कोणत्या शाळेवर किती खर्च झाला, हे विचारण्याचा हक्क कर भरणाऱ्याला आहे.

दुसरी मागणी शाळा प्रबंधन समितीची. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेचा कारभार पाहणाऱ्या या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात आणि स्थानिक लोकप्रतिनिधीही त्यात असतो. समितीने केलेली शाळा विकास योजना हाच अनुदानाचा आधार असेल, असं त्याच कायद्याचं बाविसावं कलम सांगतं. निगमने आपला अर्थसंकल्प मांडण्यापूर्वी शहरातल्या शाळांच्या या योजना मागवाव्यात आणि त्यांना तरतूद द्यावी. तिसरी मागणी तक्रारीची. मुलाच्या शिक्षण हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते. त्यासाठी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात एक जबाबदार अधिकारी नेमून त्याचं नाव बाहेर लावावं.

सराफ्यालगतच्या महाराज बाड्यावरच्या गोरखी शाळेत अटलबिहारी वाजपेयी शिकले. त्यांचे वडील शिक्षक होते. सरकारी शाळेवर भरवसा ठेवणारी अशी अनेक घरं या शहरात होती आणि त्यांत लष्करातली मराठी घरंही होती. आज आपण आपली मुलं खाजगी शाळांत घातली आणि सरकारी शाळेबद्दल प्रश्न विचारणंही सोडून दिलं. तिथे आता ज्यांची मुलं शिकतात, त्यांचा आवाज निगमपर्यंत पोचत नाही. म्हणून कर भरणाऱ्या मराठी बांधवांना माझी विनंती आहे: मत मागायला येणाऱ्या पार्षदाला रस्ता आणि गटाराइतक्याच आग्रहाने विचारा, “आपल्या वार्डातली किती मुलं शाळेबाहेर आहेत?” त्याच्याकडे उत्तर नसेल, तर ते शोधून काढणं हे त्याचं पहिलं काम ठरवा.

आपला,
एक करदाता पालक
सराफा बाजार, लष्कर, ग्वाल्हेर