निपाणीहून परळला

सन १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग विजापूरहून आग्र्याला परतला, तेव्हा इतर नजराण्यांबरोबर त्याने तंबाखू आणि चिलीमही नेली. दरबारातल्या हकिमाने बादशहाला तिथल्या तिथे अडवलं. या वस्तूबद्दल आपल्या वैद्यकग्रंथांत काही लिहिलेलं नाही, ती घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. सरदारांनी मात्र ती उचलून धरली. १६१७ मध्ये जहांगीरने बंदीचं फर्मान काढलं, तेही कोणी मानलं नाही. तंबाखूला वैद्याचा विरोध इतका जुना आहे. आणि आग्र्याला ती गेली आदिलशाहीतून, ज्या राज्यात तेव्हा आपलं बेळगावही मोडत होतं.

पुढे बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात विडीची तंबाखू अशी काही रुजली, की निपाणीची ओळखच ती झाली. वखारींत बायका तंबाखू कुटायच्या, चाळायच्या. तोंडाला पदर बांधला तरी खकाणा नाकाडोळ्यांत जायचा. १९४३ साली इंग्रज सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला आणि दिल्लीचा खजिना या पिकात गुंतला. १९८० च्या आसपास प्रा. सुभाष जोशी यांच्या साथीने वखारीतल्या बायका संघटित झाल्या. १९८२ मध्ये ‘युगांतर’ गटाने त्यांच्यावर माहितीपट केला. मार्च १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रास्त भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले काही ठार झाले. ती मागणी न्याय्यच होती. पण भाव, कर आणि मजुरी यांच्यावर इतकी वर्षं झगडणाऱ्या या मुलखात तंबाखूने होणारा रोग हा सार्वजनिक प्रश्न कधीच झाला नाही. तो घराघरातला, दबक्या आवाजात बोलायचा विषय राहिला.

वास्तविक उत्तर फार आधी हाती आलं होतं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख. १९५५ मध्ये डॉ. संघवी, डॉ. राव आणि खानोलकर यांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. तोंडाचा-घशाचा कॅन्सर झालेल्यांना आणि न झालेल्यांना त्यांनी एकच विचारलं: काय खाता, काय ओढता? तंबाखू खाणाऱ्यांचं तोंड आणि विडी ओढणाऱ्यांचा घसा, असा संबंध त्यातून दिसला. १९५५ मध्ये निपाणी आणि परळ एकाच मुंबई राज्यात होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तंबाखू पिकवणारा मुलूख आणि तिचा दोष दाखवणारी प्रयोगशाळा एकाच सरकारच्या हद्दीत होती. दुसऱ्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यपुनर्रचना झाली आणि निपाणी आजच्या कर्नाटकात गेली. सीमाभागाची सगळी ताकद त्यानंतर महाराष्ट्रात जाण्याच्या लढ्यात लागली. तो अभ्यास निपाणीच्या वखारीपर्यंत कोणी आणला नाही.

हा रोग एका रात्रीत होत नाही, आणि आशा आहे ती यातच. तंबाखू-चुन्याची चिमूट वर्षानुवर्षं गालाच्या ज्या कोपऱ्यात राहते, किंवा मिसरी हिरडीला जिथे लागते, तिथे आधी पांढरा किंवा लालसर चट्टा येतो. मावा-गुटख्यातल्या सुपारीने गालाची आतली कातडी ताठरते. भाजीतलं तिखट झोंबू लागतं, जांभई पुरती येत नाही. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे घरीच पाहता येतं. जात नसतील तर डॉक्टर गाठायचा. प्रत्येक चट्ट्याचा कॅन्सर होत नाही, पण ज्याचा होतो त्याला बहुधा काही वर्षं लागतात. मग दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत गाठ, शेवटी जबड्याचं हाड. आपल्याकडे बहुतेक रुग्ण या शेवटच्या टप्प्यांत दवाखान्यात पोचतात.

लवकर आलेल्यावर वेळीच पुरा उपचार केला तर किती फरक पडतो, हेही परळनेच दाखवलं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या अवस्थेतल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठ दिसण्याची वाट न पाहता पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या ग्रंथी काढल्या, तर तीन वर्षांनी शंभरातले ८० रुग्ण हयात होते. वाट पाहिली तेव्हा ६७-६८. रोग पुढे गेलेला असेल तर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार: आठवड्याचे पाच दिवस, साधारण सहा आठवडे. रोजगारावर जगणाऱ्या माणसाला यातली शस्त्रक्रिया एक वेळ झेपते, हे सहा आठवडे झेपत नाहीत. उपचार अर्ध्यावर सुटतात ते इथे.

म्हणून अंतराला महत्त्व आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास. पेशंट जवळची वाट धरतो: कोल्हापूर, मिरज, नाही तर थेट मुंबई. ३ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते बेळगावात केएलई संस्थेचं कॅन्सर रुग्णालय सुरू झालं, ही मोठी सोय झाली. सरकारांचं काय? महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखाबंदी केली, कर्नाटकने मे २०१३ अखेर. मधले दहा महिने सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या एका बाजूला गुन्हा ठरणारी पुडी दुसऱ्या बाजूला राजरोस टपरीवर होती. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, तर त्यावरूनही दोन राज्यांत वाद पेटला. आजाऱ्याच्या उपचारावरून सीमेचं भांडण करणं मला अमानुष वाटतं.

सीमाप्रश्न न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. त्याआधी दोन्ही सरकारांनी एवढं तरी करावं. निपाणीच्या पेशंटचं आरोग्य योजनेचं कार्ड कोल्हापुरात आणि कागलच्या पेशंटचं बेळगावात बिनतक्रार चालू द्यावं. वखारीत, विडी कारखान्यात, साखर कारखान्याच्या तळावर वर्षातून एकदा प्रत्येकाचं तोंड तपासावं. त्याला बॅटरी आणि शिकवून तयार केलेली आशाताई पुरते. आणि वाचकहो, तुमच्या घरात मिसरी लावणारी आई असेल, मावा खाणारा भाऊ असेल, तर आजच त्यांना उजेडात बसवून तोंड उघडायला सांगा.