दाराबाहेरची जागा

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं आणि दुसऱ्या दिवशी सोहळा पुण्याकडे निघतो. थोरल्या पादुकांची आरती, मग दिघी, कळस, विश्रांतवाडीचा चौक, फुलेनगर, संगमवाडी असा हा वर्षानुवर्षांचा रस्ता. त्या दिवशी आळंदी रोडवर एकही गाडी नसते. वर्षभर ज्या रस्त्यावर आपण ओलांडायला वाट बघत उभे राहतो, तो पायी चालणाऱ्यांचा होतो.

मी दरवर्षी त्या दिवशी एक गोष्ट पाहते. दमलेली माणसं बसतात कुठे? जुन्या दुकानांच्या पायऱ्यांवर, बैठ्या घरांच्या ओट्यांवर, वडापिंपळाच्या पारावर, एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी सावली असेल तिथे. डोक्यावरची तुळस खाली ठेवायची आणि पाय लांब करायचे, एवढीच दिंडीतल्या दमलेल्या बाईची गरज असते. जिथे बांधणाऱ्याने दोन पायऱ्या जास्त केल्या, भिंत चार फूट आत घेतली, तिथे तिला जागा मिळते. गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींपुढे मात्र गाड्यांसाठी केलेला गुळगुळीत उतार असतो, नाहीतर दुकानाच्या काचेला लागून लोखंडी कठडा. तिथे कुणी बसू शकत नाही. दिंडी पुढे सरकते आणि बसायला जागा शोधत राहते.

पालखी वर्षातून एकदा येते. पण त्या दिवशी जे ठळक दिसतं, ते रोजचंच आहे. भाजी घेऊन परतणाऱ्या काकूंना, पेन्शन आणायला निघालेल्या आजोबांना, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या मुलांना तीच पायरी आणि तोच पार लागतो. घर घेताना आपण कार्पेट एरिया विचारतो, चौरस फुटाचा भाव विचारतो, पार्किंग विचारतो. दाराबाहेर काय आहे, हे कुणी विचारत नाही, म्हणून नकाशातही ते कुणी काढत नाही. वस्ती जगते ती बऱ्याच अंशी त्या दाराबाहेरच्या जागेत, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या विश्रांतवाडीपुरतं सांगायचं तर हा भाग एका हाताने आखलेला नाही. एका बाजूला खडकीचा लष्करी परिसर आणि १८६९ सालचा दारूगोळा कारखाना, दुसऱ्या बाजूला लोहगावचा हवाई तळ, मधून आळंदीचा रस्ता. नोकरीच्या निमित्ताने आलेली माणसं इथे राहिली, निवृत्तांनी सोसायट्या केल्या, मजुरी करणाऱ्यांनी मोकळ्या जागी वस्त्या उभ्या केल्या. विमानतळामुळे उंचीवर बंधनं, त्यामुळे बराच काळ इमारती बेताच्या राहिल्या. तिसऱ्या मजल्यावरून खाली खेळणाऱ्या मुलाला हाक मारली तर त्याला ऐकू जायची. मला ही फार मोठी सोय वाटते. हाकेच्या अंतरात मूल असेल तर आई त्याला एकटं सोडते. ते अंतर संपलं की मूल घरात बसतं.

इथून जवळच, येरवड्यात, एक काम झालं आहे. जगभरच्या वास्तुविशारदांनी त्याची दखल घेतली. पुण्यात त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केलं. त्यात शहरी गरिबांच्या घरांसाठी एक योजना होती. घराच्या खर्चातला निम्मा वाटा केंद्राचा, तीस टक्के राज्याचा, दहा टक्के महापालिकेचा आणि दहा टक्के राहणाऱ्या कुटुंबाचा. अशा योजनांत बहुतेक शहरांनी काय केलं, ते आपण पाहिलं आहे: गावाबाहेर मोकळी जमीन शोधायची, इमारतींच्या रांगा उभ्या करायच्या आणि लोकांना तिथे नेऊन सोडायचं. येरवड्यात नेताजीनगर, मदर तेरेसानगर यांसारख्या वस्त्यांत वेगळं ठरलं. माणसं हलवायची नाहीत. ज्याचं कच्चं घर आहे त्याचं घर तिथल्या तिथे पक्कं बांधायचं आणि ज्याचं आधीच पक्कं आहे त्याला हात लावायचा नाही.

हे ठरवायला आणि निभवायला महिला मिलनच्या बायका पुढे होत्या. महिला मिलन म्हणजे वस्तीतल्या बायकांचे बचत गट. दारोदार जाऊन रोजची पाच-दहा रुपयांची बचत गोळा करणाऱ्या या बायकांना कोणत्या घरात किती माणसं आहेत, कोण आजारी आहे, कुणाचा नवरा कामावर नाही, हे सगळं माहीत असतं. सर्वेक्षणाला याहून चांगली माणसं मिळणं अवघड. त्यांच्यासोबत स्पार्क ही संस्था होती आणि राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ होता. फिलिपे बालेस्त्रा आणि सारा योरान्सन हे दोन तरुण वास्तुविशारद परदेशातून आले होते. पुण्याचे प्रसन्न देसाई यांच्या कार्यालयाने पुढे घरांचे नकाशे केले.

घर होतं पंचवीस चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे दोनशे सत्तर चौरस फूट. कागदावर ते फारच लहान दिसतं. पण बालेस्त्रा आणि योरान्सन यांनी त्याचे जे प्रकार सुचवले, ते समजून घेण्यासारखे आहेत. घराचा सांगाडा तीन मजल्यांचा भार पेलेल असा करायचा आणि भिंती दोनच मजल्यांना घालायच्या. एक मजला मोकळा. एका प्रकारात तळमजला मोकळा, म्हणजे तिथे हातगाडी लावता येते किंवा पुढे दुकान काढता येतं. दुसऱ्यात मधला मजला मोकळा, तिथे बाहेर बसता येतं, कपडे वाळत घालता येतात, शिलाई मशीन ठेवता येतं. तिसऱ्यात वरचा. मुलगा मोठा झाला, सून आली, हातात चार पैसे आले की कुटुंबाने आपल्या पैशाने तो मजला भरून घ्यायचा. गरिबाचं घर एकदाच पूर्ण होत नाही, ते कुटुंबाबरोबर वाढतं, ही गोष्ट इथे नकाशातच धरली होती.

मला त्याहून मोलाची वाटते ती गल्ली. माणसं जागच्या जागी राहिल्यामुळे शेजार टिकला. ज्या बाईच्या भरवशावर मूल ठेवून दुसरी कामाला जायची, ती समोरच राहिली. काही ठिकाणी घरं इतकी चिंचोळी होती की एकेकट्याला बांधताच आलं नसतं. तिथे शेजाऱ्यांनी आपापले तुकडे एकत्र केले, गल्ली थोडी सरळ करून घेतली आणि मिळून बांधलं. आपल्या जागेतला हातभर तुकडा रस्त्याला सोडणं म्हणजे काय, हे बंगल्यांच्या हद्दीवरून कोर्टात भांडणाऱ्यांनी समजून घ्यावं. ही तडजोड महापालिकेच्या नोटिशीने झाली नसती. ती झाली, कारण बोलणी करणाऱ्या बायका त्याच गल्लीत राहत होत्या.

या कामात अडचणी नव्हत्या असं नाही. घरं उंच झाली की अरुंद बोळात उजेड कमी येतो. बांधकाम चालू असताना कुटुंबाला भाड्याने राहावं लागतं आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला ते महिने जड जातात. तरीही माझ्या मते पुण्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी घरं बांधली गेली, त्यांत ही सर्वांत शहाणपणाची आहेत.

तसाच शहाणपणा पुण्याने त्याआधी एकदा दाखवला होता, तोही सार्वजनिक संडासांच्या बाबतीत. १९९९च्या सुमारास रत्नाकर गायकवाड महापालिका आयुक्त असताना वस्त्यांमधले संडास बांधण्याचं आणि सांभाळण्याचं काम स्वयंसेवी संस्थांना दिलं गेलं. महिला मिलनच्या बायकांनी तेव्हा ठेकेदारी शिकून घेतली. त्यांनी केलेल्या रचनेत स्त्रिया आणि पुरुषांना वेगवेगळी दारं होती, मोठी पाण्याची टाकी होती आणि राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली होती. लहान मुलांसाठी वेगळे, छोट्या भांड्यांचे संडास होते, धरायला दांडी होती. मोठ्यांच्या रांगेत मुलांना मागे ढकललं जातं, अंधाराची आणि मोठ्या भोकाची त्यांना भीती वाटते आणि शेवटी ती बाहेर नाल्याकडेला बसतात, हे कोणत्या इंजिनिअरला सुचलं असतं? मुलाचा हात धरून रांगेत उभ्या राहिलेल्या आईला ते माहीत होतं.

घर वाढतं आणि त्याला दाराबाहेरची जागा लागते, हे आपल्या थोर वास्तुविशारदांनाही कळलं होतं. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज केलं. सात घरं एका लहान चौकाभोवती, अशा तीन चौकांचा मिळून मोठा चौक, असं करत पुढे वाढत जाणारी वसाहत. दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही, कारण प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. आज तिथली बहुतेक मूळ घरं पाडून लोकांनी मोठी बांधली आहेत. कौलं गेली, पण चौक राहिले. मुलं अजून तिथे खेळतात. बाळकृष्ण दोशींचा जन्म तर १९२७ साली पुण्यातला. लाकडी सामान करणाऱ्यांचं कुटुंब, माणसं वाढली तशा खोल्या वाढत गेलेलं एकत्र कुटुंबाचं घर. त्यांनी इंदूरला अरण्य वसाहत आखली, तेव्हा बऱ्याच प्लॉटवर फक्त जोतं, संडास-मोरी आणि एखादी खोली एवढंच द्यायचं ठरवलं. बाकी ज्याचं त्याने बांधायचं. पुढे ओटा मात्र धरलेला, जिना बाहेरून. २०१८ साली त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला तेव्हा पुण्यात आनंद झाला. त्यांचा ओटा आपण आपल्या इमारतींत कधी आणणार, हा प्रश्न त्या आनंदात राहून गेला.

आता आमच्या भागात एकाच वेळी दोन बदल चालू आहेत. वस्त्यांच्या जागी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजना येत आहेत आणि तीस-चाळीस वर्षांच्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. दोन्हीकडे बोलणी एकाच आकड्यावर अडतात: किती चौरस फूट मिळणार. तो आकडा महत्त्वाचा आहेच. वीस चौरस फुटांत स्वयंपाकघराचा ओटा बसतो किंवा बसत नाही, हे मी नाकारत नाही. पण वस्तीतून वरच्या मजल्यावर राहायला जाणाऱ्या बाईचं पापड लाटायचं, गोधड्या शिवायचं, निवडणं-टिपणं करून चार पैसे मिळवायचं काम गल्लीत चालायचं. ते तिने आठव्या मजल्यावरच्या चार फुटी बोळात, समोरासमोर बंद दारांच्या मध्ये, ट्यूबलाइटखाली करायचं का? तिथे बसली तर येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होते, आत बसली तर तिला कुणी दिसत नाही. तिची कमाई जाते आणि शेजारही जातो.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत पुनर्विकासाची सभा होती, मी ऐकायला गेले होते. वास्तुविशारदांनी पडद्यावर चित्रं दाखवली: पोडियमवर बाग, जिम, स्टिल्टमध्ये गाड्या. बहुतेकांना आवडलं. मग मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, सगळं छान आहे. पण घरात मयत झालं तर खाली कुठं ठेवायचं? आणि लिफ्टमध्ये आडवा माणूस मावतो का?" सभेत एकदम कुजबुज झाली. कुणी म्हणालं, अभद्र नका बोलू. पण आजी बसल्या नाहीत. "गेल्या वर्षी ह्यांना खाली आणलं, तेव्हा दोनशे माणसं आली होती. ती उभी कुठं राहणार? गाड्यांच्या मध्ये?" त्यांच्यानंतर एका तरुणाने गणपतीचा मांडव विचारला. मग एकीने हळदीकुंकवाला वीस बायका बसतील असा पॅसेज मागितला. एका निवृत्त सुभेदारांनी प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या वळणाला खिडकी आणि बसायला कट्टा हवा म्हणून सांगितलं. गुडघे दुखतात, लिफ्ट बंद पडते, मध्ये टेकायला हवं.

वास्तुविशारद तरुण होते, चांगले होते. त्यांनी सगळं लिहून घेतलं. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला पटली. नियमाप्रमाणे चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीवर दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते; पण ती कुठे आणि कशी असावी, हे सभासदांनी आग्रह धरला नाही तर गाड्यांची वळणं आखून उरलेल्या कोपऱ्यात जाते. सभासदांनी आधीच सांगितलं की ही जागा जिन्यासमोर हवी, सावलीत हवी, गाडी तिच्यातून जाता कामा नये, तर नकाशा तिच्याभोवती काढता येतो. त्याला जास्तीचा पैसाही फारसा लागत नाही. आधी सांगावं मात्र लागतं.

तेव्हा ज्यांच्या सोसायटीत किंवा वस्तीत या वर्षी संमतीच्या सह्या होणार आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. सही करण्याआधी तळमजल्याचा नकाशा मागा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला तो समजावून सांगा. ती विचारेल ते सगळे प्रश्न करारनाम्याच्या जोडपत्रात लिहून घ्या. ओट्याची उंची, कट्ट्याची लांबी, लिफ्टची खोली, मांडवाची जागा, सगळं फूट-इंचांत लिहा. तोंडी आश्वासनं बांधकाम सुरू झाल्यावर उरत नाहीत. आजींच्या सोसायटीने तसं जोडपत्र केलं आहे. सुधारलेला नकाशा पुढच्या महिन्यात सभेपुढे येणार आहे.