गोळी फुकट, पण खेपेचा खर्च कुणाच्या खात्यात?

सरकारी एआरटी केंद्रांत एचआयव्हीची औषधे 1 एप्रिल 2004 पासून मोफत मिळू लागली. 2017 पासून तपासणीत एचआयव्ही आढळला की लगेच उपचार, असे धोरण आहे. औषधाचा भार घरावरून उतरला, ही मोठीच गोष्ट. पण हातावर पोट असलेल्या घराचा हिशेब तिथे संपत नाही.

पूर्वी अनेकांना रात्री घ्यायची गोळी असे. तिने गरगरायचे, सकाळी कामावर जाणे जड व्हायचे. आता बहुतेकांना डोल्युटेग्रॅव्हिर असलेली दिवसाला एकच गोळी मिळते. ती जेवणाआधी घेतली काय नि नंतर काय, चालते. वेळ मात्र चुकवायची नाही. ऊसतोडणीच्या फडात किंवा एका खोलीच्या भाड्याच्या घरात ती सगळ्यांच्या नजरेआड घ्यायची, हीच कसरत.

खरा खर्च खेपेचा. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला हजारी मजुरी. केंद्रावर गेला तो दिवस बुडाला, वर एसटीचे भाडे. जवळच्या केंद्रात ओळखीचे कुणी भेटेल म्हणून काहीजण लांबचे केंद्र धरतात. 2017 च्या कायद्याने संमतीशिवाय माहिती फोडायला बंदी आहे, पण गल्लीतल्या कुजबुजीला कायदा कसा आवरणार?

सीमाभागात आणखी एक पेच आहे. कार्यक्रम केंद्राचा असल्याने राज्य बदलले तरी नोंद दुसऱ्या केंद्रात वळवता येते. आर्थिक मदतीचे तसे नाही. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीग्रस्त बसतात, पण किमान 15 वर्षांचा रहिवास लागतो. म्हणजे गोळी सीमा ओलांडते, अनुदान नाक्यावरच थांबते.

प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांपर्यंतचा साठा एकदम देता येतो. तो मिळाला तर वर्षाच्या बारा खेपा चारवर येतात. त्यासाठी पुरवठा सलग हवा. 2022 च्या जुलैत औषधटंचाईविरोधात रुग्णांना दिल्लीत नॅकोच्या कार्यालयात धरणे धरावे लागले. थोड्याथोड्या दिवसांच्याच गोळ्या हातावर टेकवतात, अशी त्यांची तक्रार होती.

गोळ्या नियमित घेतल्या तर विषाणू चाचणीत दिसेनासा होतो आणि लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. तेव्हा गरिबाची मजुरी वाचवणे ही मेहेरबानी नाही, उपचाराचाच भाग आहे.