किएझाला बगल

ऑक्टोबर 2020 मध्ये युव्हेंटसने फेदेरिको किएझासाठी फिओरेन्टिनाशी सुमारे 5 कोटी युरोंचा सौदा केला. ऑगस्ट 2024 मध्ये लिव्हरपूलने त्याला घेतले ते साधारण 1 कोटी पौंडांत. चार वर्षांत एका विंगरची किंमत इतकी घसरली, आणि तीही विशीच्या उत्तरार्धात, म्हणजे या जागेवरचा खेळाडू ऐन भरात असतो त्या वयात. याचे कारण विचारले की इटलीत आणि इटलीबाहेरही एकच उत्तर मिळते: गुडघा. 9 जानेवारी 2022 रोजी रोममध्ये रोमाविरुद्ध खेळताना त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि तिथेच सगळे संपले, असे मानण्याची रीत पडली आहे. हे उत्तर सोयीचे आहे. त्यात कुणा प्रशिक्षकाला काही विचारावे लागत नाही, क्लबच्या धोरणाकडे पाहावे लागत नाही. दुखापत झाली, नशीब फुटले, विषय संपला. पण गेल्या दशकभरातल्या या बहुधा सर्वोत्तम इटालियन विंगरची कारकीर्द जरा बारकाईने पाहिली तर गुडघ्यावर निम्माच दोष जातो. उरलेला दोष इटलीतल्या बड्या संघांच्या रचनेचा आहे. विंगर ही जागाच त्यांनी हळूहळू काढून टाकली आणि त्या जागेसाठीच घडलेल्या माणसाला दुसऱ्या कामाला जुंपले.

किएझाचे मूळ काम काय, हे पाहायचे तर 2020 च्या युरो स्पर्धेतला (ती झाली 2021 मध्ये) ऑस्ट्रियाविरुद्धचा सामना घ्यावा. वेम्ब्लीवर नव्वद मिनिटांत गोल नव्हता, इटलीची दमछाक झाली होती. बेरार्दीच्या जागी उतरलेला किएझा उजव्या बाजूला, खांबापलीकडे एकटा उभा होता. जादा वेळेच्या पाचव्या मिनिटाला स्पिनाझोलाने डावीकडून चेंडू आडवा उचलून टाकला. किएझाने तो आधी डोक्याने खाली घेतला, अंगावर आलेल्या बचावपटूला उजव्या पायाच्या एका स्पर्शाने चकवले आणि चेंडू जमिनीवर विसावण्याआधी डाव्या पायाने जाळ्यात मारला. तीन स्पर्श, तिन्ही वेगळ्या अवयवांचे. त्या गोलइतकीच महत्त्वाची होती ती त्याची उभे राहण्याची जागा. प्रशिक्षक मान्चिनीच्या 4-3-3 मध्ये एक माणूस रेषेजवळ रुंद थांबणार हे ठरलेलेच होते, म्हणून तो तिथे होता. उपांत्य फेरीत स्पेनविरुद्धही पहिला गोल त्याचाच. (त्याचे वडील एन्रिको यांनी 1996 च्या युरोत चेक प्रजासत्ताकाविरुद्ध गोल केला होता, तो अॅनफिल्डवर. बाप-लेक दोघांनीही युरोत गोल करण्याची ती पहिलीच वेळ. लेकाच्या नशिबी पुढे तेच अॅनफिल्ड घरचे मैदान म्हणून यावे, हा योगायोग नोंदवण्याजोगा.)

क्लबमध्येही तोच अनुभव. 2020-21 मध्ये पिर्लोने युव्हेंटसचा संघ कसाही चालवला असो, आणि तो फारसा चांगला चालवला असे कुणी म्हणणार नाही, पण किएझाला त्याने बाजूला मोकळे सोडले. लीगमध्ये 8 गोल झाले. चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्तोविरुद्ध दोन लढतींत युव्हेंटसने केलेल्या चारपैकी तीन गोल त्याचे होते, आणि कोपा इटालियाच्या अंतिम सामन्यात अटलांटाविरुद्धचा निर्णायक गोलही त्याचाच. मग आलेग्री परतले. त्यांनी पुढे 3-5-2 ही मांडणी पक्की केली. तीत मागे तीन बचावपटू, मध्ये पाच आणि पुढे दोन. पाचातले कडेचे दोघे संपूर्ण बाजू एकट्याने सांभाळतात. आपल्या गोलपाशी बचाव करायचा आणि समोरच्या गोलपाशी क्रॉसही टाकायचा. तिथे विंगर बसत नाही. म्हणून किएझाला पुढच्या दोघांत, व्लाहोविचच्या शेजारी, दुसरा आघाडीवीर केले गेले. कागदावर ही बढती वाटते. मैदानावर त्याचा अर्थ असा की ज्याची सगळी ताकद बाजूच्या रेषेजवळ, समोर एकच फुलबॅक आणि मागे मोकळे मैदान असताना दिसते, त्याच्याकडे चेंडू येऊ लागला तो गोलकडे पाठ असताना, दोन धिप्पाड बचावपटूंच्या मधोमध.

आता गुडघ्याचा आक्षेप. अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या चार-पाच पावलांचा वेग कमी होऊ शकतो, आणि विंगर तर त्या चार-पाच पावलांवरच जगतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. दुखापतीनंतर मैदानात पाऊल ठेवायला त्याला नोव्हेंबर 2022 उजाडला, पुढेही स्नायू कुरकुरत राहिले. पण गुडघाच सर्वस्वी कारण असता, तर जागा कुठलीही दिली तरी खेळ सारखाच मंदावायला हवा होता. तसे झाले नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये रोममध्ये स्पालेत्तींच्या इटलीने त्याला बाजूला खेळवले, तेव्हा उत्तर मॅसेडोनियाविरुद्ध त्याने पहिल्याच सत्रात दोन गोल केले आणि इटलीने 5-2 असा सामना जिंकला. गुडघा तोच, माणूस तोच, महिनाही क्लबच्या हंगामाचाच. एका सामन्यावरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे, पण गुडघ्यावाल्या सिद्धांताला तो एक सामना पुरेसा त्रासदायक आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. 2024 च्या उन्हाळ्यात युव्हेंटसकडे थियागो मोत्ता आले. ते तर विंगरांसह खेळणारे प्रशिक्षक. त्यांनाही किएझा नको होता. लिव्हरपूलही बाजूच्या खेळाडूंवर चालणारा संघ, तिथेही तो बाकावर बसला. मग दोष रचनेला कसा द्यायचा? यातल्या मोत्ता प्रकरणाचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. कराराचे एकच वर्ष उरलेले, पगार मोठा, नूतनीकरणावर एकमत नाही. अशा खेळाडूला क्लब विकतो, नाहीतर वर्षभराने तो फुकट जातो. आणि वाटाघाटीत त्याचे वजन घटले होते, कारण आधीची वर्षे दुसऱ्याच कामात गेली होती. लिव्हरपूलचे उत्तर आणखी सोपे: त्याच्या जागेवर मोहम्मद सलाह होता. त्या 2024-25 च्या हंगामात सलाहने लीगमध्ये 29 गोल केले आणि 18 करवले. त्याला बसवून किएझाला उतरवणारा प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी नोकरीत राहिला नसता. हंगामपूर्व सराव बुडालेल्या किएझाला लीगमध्ये सहा सामन्यांत मिळून दोन तासही मैदान मिळाले नाही. तरी न्यूकॅसलविरुद्ध लीग कपच्या हरलेल्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा एकमेव गोल त्याचा होता, आणि ऑगस्ट 2025 मध्ये बोर्नमथविरुद्ध बरोबरी सुटत नसताना उशिरा उतरून त्याने 88 व्या मिनिटाला संघाला पुढे नेले.

हाडाचा खेळाडू स्वतःला बदलतो, असे म्हणणारेही आहेत, आणि ते नापोलीच्या मातेओ पोलितानोकडे बोट दाखवतात. आंतोनिओ कॉन्टेंच्या हाताखाली हा विंगर जवळजवळ फुलबॅकसारखा मागे धावला आणि 2025 चे विजेतेपद घेऊन गेला. पोलितानोच्या कष्टांना दाद द्यायलाच हवी. पण संघाचा सर्वांत धोकादायक माणूस स्वतःच्या पेनल्टी क्षेत्राजवळ दमून जातो, तेव्हा संघाला शिस्त मिळते आणि धार जाते. किएझाकडून हा सौदा करून घेणे म्हणजे सोनाराकडून खिळे ठोकून घेणे. इटलीची जुनी परंपराही काही वेगळेच सांगते. 1982 च्या विश्वविजेत्या संघात उजवीकडे डावखुरा ब्रुनो कोंती होता. इटलीकडून 47 सामन्यांत त्याचे गोल फक्त पाच. गोलांच्या तक्त्यात तो कुठेच दिसत नाही. पण पोलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रॉसीच्या डोक्यावर चेंडू ठेवला तो त्यानेच, आणि अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध तिसऱ्या गोलआधी उजव्या बाजूने धावत जाऊन अल्तोबेल्लीला पास दिला तोही त्यानेच. बेआर्झोत यांच्यासारख्या बचावाला पुजणाऱ्या परंपरेतल्या प्रशिक्षकानेही त्याला कडेवरून हलवले नव्हते. सावध खेळ आणि विंगर यांचे वैर इटलीत पूर्वापार होते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

आपल्याकडे हा विषय परका वाटू नये. आयएसएल ही भारतीय फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा पुणे सिटी या क्लबची भागीदारी याच फिओरेन्टिनाशी होती आणि पहिला प्रशिक्षक फ्रांको कोलोम्बा इटालियन होता. बालेवाडीत ते सामने रंगत होते, तेव्हा किएझा फिओरेन्टिनाच्या युवा संघांत घडत होता. त्याला घडवणारी व्यवस्था अजून शाबूत आहे. घडलेल्या मुलाला पुढे कुठे उभे करायचे, हे मात्र तिथल्या बड्या क्लबांना सुचत नाही. याची किंमत राष्ट्रीय संघ मोजतो. मार्च 2022 मध्ये पालेर्मोत उत्तर मॅसेडोनियाविरुद्ध इटलीने तीसच्या आसपास फटके मारले, गोल एकही नाही, आणि भरपाईच्या वेळेतल्या एका गोलाने विश्वचषक हुकला. जखमी किएझा त्या दिवशी संघात नव्हता, आणि एकट्याने बचाव फोडणारा दुसरा कुणी बाकावरही नव्हता. इंटरने 2021 आणि 2024 ची लीग जिंकली ती 3-5-2 ने, म्हणजे विंगरशिवाय. मधल्या दोन विजेत्यांनी विंगर वापरले, आणि त्यांच्यावरच संघ उभे केले: 2022 मध्ये मिलानच्या डाव्या बाजूला राफाएल लेआव होता, 2023 मध्ये नापोलीच्या डाव्या बाजूला ख्विचा क्वारात्स्खेलिया. पहिला पोर्तुगालचा, दुसरा जॉर्जियाचा.