‘गायब’ म्हणण्यापूर्वी

‘वर्डमधला कोपायलट गायब झाला’ ही तक्रार अलीकडे वारंवार ऐकू येते. तिच्यातील क्रियापदाकडे आपण लक्ष द्यावे. गायब तेच होते, जे आधी होते. माझ्या मते अशा तक्रारींपैकी बऱ्याच या एका शब्दाच्या चुकीच्या निवडीतून उद्भवतात.

मायक्रोसॉफ्टने हा लेखन-साहाय्यक वैयक्तिक व कौटुंबिक वर्गणीदारांना बहुतेक देशांत जानेवारी २०२५ मध्ये खुला केला. ऑफिस २०१९ किंवा २०२१ एकरकमी विकत घेतलेले असेल, तर त्यात हे बटण नसतेच. सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवण्याचा खटाटोप व्यर्थ होय. कौटुंबिक वर्गणीतही ही सोय मूळ वर्गणीदारापुरतीच आहे. मुलाच्या वर्गणीत सामील झालेल्या आईला ती मिळत नाही, मग भले अभ्यास आईचाच असो!

वर्गणी स्वतःची असेल, तर मात्र शोध सार्थ आहे. ‘फाइल’मधील ‘अकाउंट’ उघडून वर्गणीच्याच ई-मेलने प्रवेश केला आहे ना, हे पाहावे. ‘अपडेट लायसन्स’ निवडून वर्ड बंद करून पुन्हा उघडावे. गोपनीयतेच्या पर्यायांत ‘कनेक्टेड एक्सपीरियन्सेस’ बंद असल्यासही साहाय्यक उपलब्ध होत नाही.

केवळ या बटणासाठी नवी वर्गणी भरावी, असे मला वाटत नाही. स्वाध्यायाला लागणारे युनिकोड टंकलेखन, तळटीपा आणि अनुक्रमणिका आपल्या जुन्या वर्डमध्येही आहेत.